उरलेल्या रोलमधलं आभाळ

आमच्या घरी सूर्यास्ताचा फोटो काढायचा तर आधी कोणाचं तरी लग्न व्हावं लागे. आजच्या पोरांना हे सांगून कळत नाही. माझा भाचा, म्हणजे मंदाताईचा मुलगा, चाळिशी ओलांडली तरी रोज संध्याकाळी गच्चीवर चढतो, आभाळाचे पंधरा-वीस फोटो काढतो, सगळेच्या सगळे घरच्या ग्रुपवर ओततो आणि खाली विचारतो, 'मावशी, कसा आला?' अरे बाबा, त्या पंधरातला एक तरी तू स्वतः नीट पाहिलास का? मी काही लिहीत नाही, अंगठा दाखवते आणि फोन उपडा ठेवते. माझ्या वेळी वर्षाकाठी पंधरा फोटो मिळाले तरी देव पावला असं वाटायचं, आणि त्यातले निम्मे बाबांच्या बोलण्यानंच खराब व्हायचे.

पुसदला बाजाराच्या रस्त्यावर बाबांचा फोटो स्टुडिओ होता. पुढे स्टुडिओ, मागे आमचं बिऱ्हाड आणि मध्ये कोळशाच्या कोठीएवढी डार्करूम. तिच्यातून फोटो धुवायच्या हायपोचा आंबूस वास येई, इकडून आईच्या फोडणीचा जाई, आणि दोन्ही वास तिच्या दाराच्या पडद्यापाशी भांडत बसत. आई म्हणे, माझ्या कढीला तुमच्या औषधाची चव लागते. बाबा म्हणत, तुझ्या मिरचीच्या ठसक्यानं गिऱ्हाईक पळते. डार्करूमचा दिवा लागला की आम्ही कोणी पडद्याला हात लावायचा नाही, तहान लागली तरी घागर पलीकडे, बसा तसेच. स्टुडिओत मागच्या भिंतीवर रंगवलेला पडदा होता. त्यावर समुद्र, नारळाची दोन झाडं आणि पाण्यात बुडणारा संत्र्याच्या रंगाचा सूर्य. आमच्या अख्ख्या जिल्ह्यात समुद्र पाहिलेला माणूस शोधावा लागला असता, पण प्रत्येक जोडप्याला त्या सूर्याजवळच उभं राहायचं असे. नवरा सूर्याच्या पुढे आला की बायको रुसे. आणि एवढं सगळं झाल्यावर फोटो निघे काळापांढरा.

खरा सूर्य मात्र बाबांना चालत नसे. मी शाळा संपवून घरी बसले होते, स्टुडिओत हाताखाली काम करत होते, आणि आभाळाचं वेड मला कधी लागलं ते आठवत नाही. पण बाबांचं उत्तर आठवतं, कारण ते दर आठवड्याला एकच असे. 'सूर्य रोजच बुडते. त्याचा फोटो कायले? त्याले फारम भराचा हाय का कोठी?' बाबांच्या लेखी फोटोत माणूस नसला तर तो रोलचा नास होता. शेवटी आईनं मध्ये पडून तोड काढली. गिऱ्हाईकाचं काम झाल्यावर रोलच्या शेवटी एकदोन फोटो उरत. एरवी बाबा ते चुलीपुढच्या आईवर नाहीतर भिंतीवरच्या कॅलेंडरवर संपवून टाकत. ते उरलेले फोटो सुमीचे, असं ठरलं. सुमी म्हणजे मी.

ऐकायला हे छान वाटतं. आता हिशेब बघा. रोल भराभर संपतात ते लग्नसराईत, म्हणजे कॅमेरा माझ्या हाती पडायचा तो ऐन उन्हाळ्यात. आमच्याकडचं मे महिन्यातलं आभाळ कोणी पाहिलंय? सूर्य बुडायच्या आधीच धुळीत विरून जातो, फोटोत नुसता पांढरा पट्टा उतरतो. मग पाऊस येतो, पूस नदीवर असे ढग चढतात की बघत राहावं, एका संध्याकाळी पाच रंग होतात, आणि नेमक्या त्या चार महिन्यांत लग्नं बंद. रोलमध्ये शाळेच्या फॉर्मसाठी भेदरलेली पोरं, नाहीतर कोणी गेलं की मोठा करून द्यायचा जुना फोटो. एक रोल दीड महिना पुरायचा. मी खिडकीत उभी राहून ढग जाताना बघायची आणि मनातल्या मनात कोणाचं तरी चातुर्मासात लग्न ठरवायची. तुळशीचं लग्न झालं की पुन्हा सराई सुरू, पुन्हा रोल, पण तोवर आभाळ कोरं झालेलं, ढगाची चिंधीसुद्धा नाही. फागुनात पळस फुलले की सारी टेकडी लाल व्हायची, आणि माझ्या फोटोत ती फुलं काळी यायची. एकदा थंडीतला सूर्यास्त मला मनासारखा जमला होता. शेजारच्या काकूंनी तो हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, चंद्र लय चांगला आला वं तुहा.

त्यात लोकांचा चांगुलपणा. टेकडीवर मी कॅमेरा डोळ्याला लावला की वाटेनं जाणारी मोळीवाली बाई मोळी खाली ठेवी, पदरानं तोंड पुशी आणि माझ्यासमोर येऊन ताठ उभी राही. तिला वाटे, एवढ्या लांब आलेल्या पोरीचा फोटो माणसाविना वाया जायला नको. बाजूला व्हा म्हणावं तर तिला वाईट वाटणार, न म्हणावं तर सूर्य जाणार. असे तीन-चार फोटो अजून माझ्याकडे आहेत, मागे सूर्य बुडतोय आणि पुढे कोणीतरी श्वास रोखून उभं आहे. तेव्हा मी रागानं ते फाडणार होते. आता त्या बायांची नावंसुद्धा विचारली नाहीत याचा राग येतो.

मग मंदाताईचं लग्न ठरलं. मुलगा राजूरचा, कोळशाच्या खाणीत कारकून, शांत आणि सरळ. सगळं जमलं आणि बाबांच्या ध्यानात आलं की अर्ध्या तालुक्याची लग्नं आपण काढली, पण या लग्नात आपण नवरीचे बाप आहोत, हातात कॅमेरा धरता येणार नाही. गावात दुसरा स्टुडिओ होता, पण त्याला बोलवायचं म्हणजे बाबांचं मरणच. त्याच्या फोटोत नवरीची मान कापली जाते, असं ते वीस वर्षं सांगत आले होते. चार दिवस घुम्यासारखे बसले. पाचव्या दिवशी माझ्यासमोर कॅमेरा ठेवला आणि म्हणाले, तू काढशीन.

त्यानंतरचे पंधरा दिवस माझा जीव नकोसा झाला. बाबांच्या अल्बमची पानं ठरलेली असत. हळद, मांडव, वरात, मग एका अख्ख्या पानावर अक्षतांचा मोठा फोटो, मग सप्तपदी, पंगत, निरोप. अक्षतांचं पान चुकलं तर अल्बम नाही, बाकी सारं पोटभरीचं. अंतरपाट खाली येतो, अक्षता हवेत असतात आणि नवरी पहिल्यांदा मान वर करते, तो एवढासा क्षण. तो पकडायची तालीम आमच्या घरात रोज संध्याकाळी होई. आई नवरदेव, मंदाताई नवरी, मध्ये चादर, आणि बाबा स्वतःच मंगलाष्टकं म्हणायचे, भसाड्या आवाजात. चादर पडली की मी रिकाम्या कॅमेऱ्याचं बटन दाबायचं. उशीर झाला. लवकर झाला. पुन्हा. आईचे हात भरून यायचे, चुलीवर वरण उतू जायचं, आणि बाहेर माझा सूर्य रोज माझ्याविना बुडायचा. मंदाताईला मात्र या तालमीचा कंटाळा येत नसे. ती दर वेळी हळूच मान वर करून बघे आणि विचारे, 'अशी बरी दिसन का वं?' आरशात आपण आपल्याला अशा वेळी पाहू शकत नाही, म्हणून तो फोटो तिला हवा होता. रंगीत हवा होता. बाबांनी नागपूरहून तीन रंगीत रोल मागवले. रंगीत रोल मी पहिल्यांदाच हातात घेत होते.

लग्न गोरज मुहूर्ताचं. सूर्य बुडता बुडता अक्षता पडायच्या. पण आमच्याकडे मुहूर्त पत्रिकेत छापतात तेवढाच. वरात नाचत येते, दर चौकात अडते, नवरदेवाचे मित्र घोड्यापुढून हलत नाहीत, आणि गोरजाचं लग्न दिवेलागणीनंतर दोन तासांनी लागलं तरी वेळेवर लागलं म्हणतात. मी बाबांबरोबर तीसेक लग्नं पाहिली होती. एकही वेळेवर लागलं नव्हतं. मांडव गावाबाहेर मोकळ्या जागेत, मागे टेकाड. दुपारी आलू-वांग्याच्या भाजीची कढई चढली, बुंदीची घमेली भरली, राजूरची वऱ्हाडी मंडळी शाळेत उतरली. मी हळदीचे, मांडवाचे, नटलेल्या ताईचे फोटो काढून मोकळी झाले. सहा वाजले तरी वरातीच्या घोड्याचा पत्ता नव्हता. मी मनात म्हटलं, दोन तास कुठे गेले नाहीत.

आणि तेव्हा पश्चिमेला ढग चढला. मी पुढे खूप आभाळ पाहिलं, पण तसा ढग पुन्हा पाहिला नाही. वर निळाजांभळा, पोटाखाली हिरवट, आणि जमीन आणि ढग यांच्या मधल्या फटीत सूर्य पेटलेला. कॅमेऱ्यात रंगीत रोल. पावसाळ्यात रोल नाही, उन्हाळ्यात ढग नाही, फुलं काळी, सूर्याचा चंद्र, एवढी वर्षं जे एकदाही जुळलं नव्हतं ते सगळं एकाच संध्याकाळी माझ्या हातात होतं. टेकाड दहा मिनिटांचं. मी कोणाला न सांगता निघाले. आज आठवलं की माझा मलाच संताप येतो. पण पाय गेले हे खरं.

वर पोचले तेव्हा वारा सुटला होता. मी तीन फोटो घेतले. चौथ्यासाठी थांबले, सूर्य फटीच्या बरोबर मध्ये यायची वाट बघत. तेवढ्यात खाली बँड एकदम जोरात वाजला, फटाके उडाले. मला वाटलं, आली बाई वरात एकदाची, आता हे तासभर नाचतील. मी निवांतपणे बटन दाबलं.

खाली काय झालं होतं ते मला नंतर कळलं. ढग पाहून मोठे मामा घाबरले. गारा येतील, मांडव उडेल, लग्न राहून जाईल, म्हणून त्यांनी घोडा, वरात, नाच सगळं रद्द केलं, नवरदेवाला कोणाच्या तरी जीपमध्ये घालून थेट मांडवात आणलं आणि भटजींना सांगितलं, 'लावून टाका महाराज, पाणी येऊन राह्यलं.' नवरदेवाचे मित्र रुसून शाळेतच बसले. आमच्या पंचक्रोशीत माणसाच्या आठवणीत पहिल्यांदा एक लग्न ऐन मुहूर्तावर लागलं, आणि ते माझ्या सख्ख्या बहिणीचं. मी ऐकला तो बँड वरातीचा नव्हता, अक्षतांचा होता. ज्या ढगासाठी मी वर गेले त्याच ढगानं खाली लग्न लावून टाकलं होतं.

मी उतरेपर्यंत गारा सुरू झाल्या. बोराएवढ्या गारा पत्र्यावर, भांड्यांवर, बुंदीत. सगळे पुरुष मांडवाचे खांब धरून उभे होते, बाया पोरांना पोटाशी घेऊन. मध्ये ताई उभी, गळ्यात हार. मला काही क्षण समजेचना. मग समजलं. समोरच्या खांबाला बाबा लोंबकळत होते, पागोटं भिजून गळ्यात आलेलं. त्या गर्दीतून त्यांनी मला पाहिलं आणि हनुवटी किंचित वर केली. घेतला ना? एवढाच प्रश्न. मी मान डोलावली.

फोटो चुकणं एक आणि ती मान डोलावणं एक. पहिल्याची मला आता लाज वाटत नाही. दुसऱ्याची अजून वाटते.

रोल नागपूरला धुवायला गेले, ओळखीच्या कंडक्टरच्या हाती, आणि आठ दिवसांनी यायचे होते. ते आठ दिवस बाबा इतके गोड वागले की अंगावर काटा यायचा. गिऱ्हाईकांना सांगत, पोरीनं काढले माह्या, भर गारांत काढले. आईनं माझ्या आवडीची पाटवडी केली, ती मी ताटाच्या कडेला सारली. रोज मी ठरवायची की आज सांगायचं, आणि रोज बाबा डार्करूममधून काहीतरी गुणगुणत बाहेर यायचे. त्यांचं ते गुणगुणणं बंद करायचा मला धीर झाला नाही. भित्री होते मी, दुसरं काय.

पाकीट आलं ते नेमकं मंदाताई आणि जावई लग्नानंतर पहिल्यांदा घरी, मांडवपरतणीला आले त्याच दुपारी. सोबत जावयांचे काका. सगळे गोल करून बसले, मध्ये बाबा. एकेक फोटो बघून ते पुढे देत होते. हळद. मांडव. ताई नटलेली. मग ढग. ढग. ढग. ढग. मग खांब धरलेली माणसं. बाबांनी गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून पाहिला. ताईचा हात पुढे आलेला, तसाच राहिला. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जावयांच्या काकांकडे बघून म्हणाले, 'त्या वक्ती कॅमेरा अडकला. जुना झाला तो आता.'

काका हसले. म्हणाले, फोटोवाल्याच्याच घरी फोटो नाही, हे चांगलं झालं. आणि ज्या माणसानं वीस वर्षांत आपल्या कॅमेऱ्याला कोणाला नाव ठेवू दिलं नव्हतं, तो माणूस हो हो करत त्यांच्याबरोबर हसला. मी उठून आत गेले.

ताई माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. तिला मी सगळं सांगितलं, मान डोलावल्याचंही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पाटावर बसली आणि म्हणाली, 'मले माहा चेहरा पाह्याचा होता वं सुमे.' बस, एवढंच. काकांनी म्हणे बाहेर सुचवलं होतं की पुन्हा हार घालून उभे राहा, काढून टाकू. बाबांनी दुसऱ्यांची अशी कितीतरी लग्नं दुसऱ्या दिवशी उभी केली होती, त्यात काही नवल नव्हतं. पण ताई नाही म्हणाली. लग्न लागायचं ते लागलं, आता सोंग कशाला, म्हणाली.

पाहुणे गेल्यावर बाबांनी मला स्टुडिओत बोलावलं. टेबलावर चौथा ढग आणि हातात फोटोवरचे डाग घालवायचं, रिटचिंगचं भिंग. मी सांगायला तोंड उघडलं तर हातानं थांबवलं. भिंग फोटोच्या खालच्या कडेवर ठेवून बराच वेळ बघत राहिले. तिथे, त्या एवढ्या मोठ्या ढगाच्या तळाशी, नखाएवढा पिवळा ठिपका होता. मांडव. आत बल्ब लागलेले. मी तो तोवर पाहिलाच नव्हता. माझं सारं लक्ष वर होतं.

'बँड वाजला तवाच दाबलं का बटन?' बाबांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

'म्हंजे अक्षता पडून राह्यल्या अंदर.' पुन्हा भिंगाला डोळा लावला. 'मी बी हाय त्यात. मले त आभाळ दिसलंच नाही त्या वक्ती.' मग भिंग खाली ठेवलं आणि आवाज बदलला. 'फोटो चांगला हाय. पण तू कामावर होती, सुमे. आन् मान हलवली तू.' मला वाटलं होतं ते मारतील. मारलं नाही. महिनाभर कॅमेऱ्याला मात्र हात लावू दिला नाही.

अल्बम त्यांनी स्वतः चिकटवला. अक्षतांचं पान कोरं राहील असं मी धरून चालले होते. त्या अख्ख्या पानावर त्यांनी तो ढग लावला, नागपूरहून मोठा करून आणून, आणि खाली पांढऱ्या शाईनं नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'अक्षता'. अल्बम राजूरला गेला. तिथे येणारे-जाणारे ते पान उलटं धरून बघत, आणि ताईला प्रत्येकाला बोट ठेवून सांगावं लागे, या पिवळ्यात मी आहे. बाबा असेपर्यंत तिनं त्या पानाबद्दल कधी तक्रार केली नाही. मला मात्र अजून सोडत नाही. घरात कोणाचंही लग्न निघालं की फोटोग्राफरला पहिलं वाक्य तिचंच असतं, माझ्या बहिणीला आधी खांबाला बांधा, मग कामाला लागा. सगळे हसतात. तीही हसते. पण हसून झाल्यावर एकदा माझ्याकडे बघते.

पुढची लग्नसराई आली तेव्हा बाबांबरोबर मी पिशवी धरायला गेले. मांडव असाच गावाबाहेर, संध्याकाळ, पश्चिमेला दोनचार ढग जमत होते. मी मुद्दाम तिकडे पाठ करून उभी होते. वरात वेशीवर आली. बाबांनी पिशवीतून जुना कॅमेरा काढला, त्यात नवा, अख्खा रोल घातला, झाकण लावलं आणि माझ्या गळ्यात अडकवला. काही उरलंसुरलं नाही, पुरे छत्तीस.

'तू भायेर थांब,' ते म्हणाले. 'अंदरचं मी पाह्यतो.'

आणि नवा घेतलेला कॅमेरा आणि फ्लॅश खांद्याला लावून ते मांडवात शिरले.